न चाखलेलं बिरडं

केमोचं शेवटचं सलाईन संपलं त्या दिवशी घरी आले, तर सुनेनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळे म्हणाले, सुटलीस बाई. मीही मान हलवली. पण खरं सांगते, आजारपण चालू होतं तोवर मी धीराची होते. तारीख आली की पिशवी उचलायची आणि जायचं, एवढंच ठाऊक होतं. ते संपलं आणि मग मात्र मी खचले. केस जरा जरा येऊ लागले होते, कोंबडीच्या पिलासारखे मऊ, पण बाकी शरीर माझं वाटेना. बोटांची टोकं बधिर. ब्लाउजचे हूक लागायचे नाहीत. पायाखाली जमीन आहे की गादी, कळायचं नाही. डोकं असं धुकट की गॅस बंद केला का हे तीनदा उठून बघायचं. आणि जीभ? जीभ तर गेलीच होती. भात खाल्ला तर ओला कागद चावल्यासारखं वाटायचं. गोड, तिखट, खारट, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कुणाला लवकर येते, कुणाला उशिरा.

तुम्ही म्हणाल, जीव वाचला, चवीचं काय एवढं? पण माझं सगळं आयुष्य चुलीपुढं गेलेलं. शाळा चौथीपर्यंत, पुढं जे शिकले ते हातानं. आळीत कुणाकडे कार्य असलं की पातेल्याशी मीच. तर एक दिवस मोठ्या हौसेनं मी आमटी केली. आमचे हे जेवले, म्हणाले, "छान झालीय." आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. दुपारी मागच्या दारी गेले तर माडाच्या आळ्यात आमटी ओतलेली. म्हणजे मीठ दोनदा पडलं होतं माझ्याकडून. सून मानसी काही बोलली नाही, हे काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यानंच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

देवघरातही टाकलं नाही. आमच्या गावदेवीचा टाक आहे घरात, लग्न होऊन आले तेव्हापासून तिला नैवेद्य माझ्या हातचा. तिला मी तोंडावर सांगितलं, "माझी जीभ नेलीस ना? मग तुझं तू बघ आता. तू खातेस मजेत आणि मी इथं कागद चावते." असं बोलले देवीला. आज लिहिताना लाज वाटते, पण बोलले होते हे खरं.

आणि नेमकी त्याच वर्षी जत्रेची पाळी आली. आमच्याकडे चैत्री पौर्णिमेला देवीची जत्रा असते, आणि पहिला नैवेद्य आळीतल्या एका घरातून जातो. पाळी फिरत फिरत आमच्याकडे अकरा वर्षांनी येते. फाल्गुनात गुरव सांगायला आले. शेजारी माझी धाकटी जाऊ राहते, नलू. आम्ही दोघी तीस वर्षं एकमेकींना टोमणे मारत जगलो, भांडल्याशिवाय आमचा दिवस जायचा नाही. पण मी आजारी पडले तशी ती बोलायला साखर झाली. "वैनी, तुम्ही नुसत्या बसा. यंदा मी करते." सगळ्यांनाच ते पटलं. मुंबईची तपासणी करून आलो की गुरवांना तसा निरोप द्यायचा, असं ठरलं. मला माहीत होतं, हा मान आता हातातून गेला की पुन्हा अकरा वर्षं. आणि अकरा वर्षांचा हिशेब माझ्यासारखीनं करावा का, तुम्हीच सांगा.

तपासणी झाली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो. हे वाऱ्याला म्हणून वर गेले, मी खाली बाकावर. सवयीनं खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेतली होती. खाऊन काही कळणार नव्हतं, म्हणून शेजारी बसलेल्या बाईंपुढं धरली. माझ्याच वयाच्या असतील, डोईवर पांढरी ओढणी. हसून म्हणाल्या, "रोजा हाय माझा."

"अगंबाई, चुकले हो," मी म्हटलं.

"चुकलं कुठं? तुम्ही खा की."

"मला खारे आणि साधे सारखेच लागतात आता," म्हणून मी डोक्याचा रुमाल जरा मागे केला. त्या समजल्या. सरकून जवळ बसल्या. मग माझं तोंड जे सुटलं ते सुटलं. आमटी, माडाचं आळं, जत्रेची पाळी, सगळं सांगून टाकलं. घरच्यांना न सांगितलेलं परक्या बाईला सांगितलं.

सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे चाखता येत न्हाय म्हणून रांधत न्हाय? मग मी काय करू गो बाय? तीस दिवस मी चाखत न्हाय. आता घरी गेले की अकरा माणसांचं रांधायचंय. जिभेवर कायपण ठेवत न्हाय मी. हाताला ठाऊक असतं, बाकी अल्लाला ठाऊक."

"तुमच्या हाताला ठाऊक असेल. माझी बोटं बधिर आहेत."

"बोटांनी मीठ घालतेस की मुठीनं? डोळे मीट." त्यांनी माझ्या हातातली पुडी घेतली आणि माझा तळवा उघडून त्यावर दाणे ओतले. "सांग, मूठ भरली?"

मी मिटल्या डोळ्यांनी म्हटलं, "नाही. थोडे कमी आहेत."

त्यांनी आणखी टाकले. "आता?"

"आता बरोबर."

डोळे उघडले तर तळव्याचा खळगा बरोबर भरलेला होता, पातेलंभर आमटीला मी मीठ घ्यायची तेवढाच. बोटं मेली होती पण तळव्याला वजन कळत होतं. त्या हसायला लागल्या. "बघ, हाय की शाबूत! आणि कधी राहिलं मीठ तर राहिलं. माझं पण राहतं. घरातले मागून लावून घेतात, मरत न्हायत. हात थांबवू नको, बाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमच्यात पण देवाचं चाखत न्हाईत ना?"

खरंच की. जन्मभर नैवेद्य रांधला, कधी चमचा ओठाला लावला नाही, वासही घेतला नाही. आणि हीच गोष्ट मला दुसऱ्या धर्माच्या बाईंनी लाँचमध्ये आठवून द्यावी! रेवसला उतरताना गर्दी झाली, ह्यांनी माझा हात धरला, आणि मागे वळून बघते तर त्या दिसल्या नाहीत. नाव विचारायचं राहून गेलं.

घरी येऊन मी नलूला सांगितलं, "मी करणार." तिचा चेहरा पडला, पण एवढंच म्हणाली, "जपून हो वैनी."

पौर्णिमेच्या पहाटे न्हाऊन चुलीशी बसले. वाल सोलायला बोटं चालली नाहीत, ते मानसी आणि नलूनं सोलून दिले. वरण, भात, पुरण, खीर, आणि वालाचं बिरडं, ओला नारळ, गूळ, आमसूल घालून, कांद्याशिवाय. मिठाला तळवा पुढं केला आणि देवीचं नाव घेतलं. सगळं नीट चाललं होतं. शेवटी बिरडं उतरवायचं होतं, तेवढ्यात दारात वाजंत्री आली, गुरवांनी हाक मारली, मी उठले, बसले, आणि डोक्यात धुकं उतरलं. बिरड्यात मीठ घातलं की नाही? आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना.

तळव्यात मीठ घेतलं. पण घालवेना. आमटी डोळ्यांपुढं आली. दुसऱ्यांदा पडलं तर? चाखायची सोय नाही, आणि चाखून तरी मला काय कळणार होतं? बाहेर सनई चालू, सगळी खोळंबलेली. मी मीठ बरणीत परत टाकलं, हात जोडले आणि म्हटलं, "बये, मला आता काही कळत नाही. जसं असेल तसं तुझ्यापुढं ठेवते." सहा महिन्यांत मी तिच्याशी पहिल्यांदाच भांडणाशिवाय बोलले.

नैवेद्य गेला. मग पंगत बसली. मी खांबाला टेकून बघत होते. माणसं जेवत होती, बिरडं दोनदा मागत होती. मानसी मिठाची वाटी घेऊन तीन-तीनदा फिरत होती, ते मला दिसलं पण डोक्यात शिरलं नाही. येऊन येऊन प्रत्येक जण सांगून गेला, वैनी, छान झालंय. तेच "छान."

दुपारी मागच्या दारी नलू पातेलं घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वैनी, राग आला तर येऊ दे. बिरड्यात मीठ नव्हतं."

"कमी होतं?"

"कमी कसलं? नावालासुद्धा नव्हतं! मीठ वाढून वाढून मानसीचा हात दुखला. मी केलं असतं तर निदान मीठ तरी पडलं असतं."

तीस वर्षांची माझी नलू परत आली होती! मला हसूच आलं, एवढं की खाली बसले. सहा महिन्यांनी घरचं कुणीतरी मला जिवंत माणसासारखं बोललं होतं. तीही हसायला लागली, राखेच्या हातानं डोळे पुसायला लागली.

आणि हसता हसता माझ्या मनात आलं, पंगतीच्या पानात डाव्या बाजूला मीठ असतं, ज्यानं त्यानं लावून घेतलं. पण देवीच्या पानात मीठ वाढत नाहीत, तशी पद्धतच आहे. म्हणजे सगळ्या गावात एकटी तीच माझं बिरडं अळणी जेवली. मी तिला म्हटलं होतं, तू खातेस मजेत. आणि ती माझ्यासारखंच जेवली, चवीशिवाय, निमूट, आणि तरी पान परत केलं नाही.

संध्याकाळी देवघरात गेले आणि टाकापुढं डोकं ठेवलं. काय बोलले ते इथं लिहीत नाही.

चव आता येतेय. आधी आंबट आलं, मग गोड, खारट सगळ्यात शेवटी. आली नसती तरी मी रांधलं असतं, असं आता वाटतं. दर तीन महिन्यांनी मुंबईला जाते, येताना शेंगदाण्याची पुडी घेते आणि लाँचमध्ये पांढरी ओढणी शोधते. त्या माऊली अजून भेटल्या नाहीत. जिथं असतील तिथं त्यांच्या घरची चूल पेटती राहो. पुढच्या तपासणीचा कागद काय म्हणेल, पुढचं वर्ष कसं निघेल, ते काही आधी चाखून बघता येत नाही. मी तळवा पुढं करते, अंदाजानं घालते, देवीपुढं पान ठेवते आणि बाजूला उभी राहते.