दुसऱ्याच्या रानातला ताग

राजुरीत दोन पावसाळे चिमाबाईंच्या रानावरून जाणारा माणूस थांबून हसायचा. बाजरीच्या जागी त्या ताग पेरायच्या, आणि तो छातीएवढा वाढून पिवळ्या फुलांवर आला की ट्रॅक्टर लावून मातीत गाडायच्या. शेजारची साळुबाई भर नळावर म्हणाली होती, "पुढच्या साली झेंडू गाड, चिमे. रानाला वास तरी येईल."

चिमाबाईंनी मनावर घेतलं नाही. माहेर मेंढपाळांचं, मेंढरं बसवली की लेंड्यांनी रान कसं पिकतं ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. कृषीची पदवी घेऊन मी एका संस्थेत लागले आणि गावात हिरवळीच्या खतासाठी ताग सुचवत फिरले, तेव्हा एकट्या त्याच हो म्हणाल्या. "म्हंजी बिनपायाची मेंढरं?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या वर्षी कांदा असा पोसला की मी हरखून गावाला रान दाखवायला शिवारफेरी ठेवली. जमीन सयाजीरावांची. चिमाबाई ती खंडानं, वर्षाचे पैसे मोजून करायच्या; दर पाडव्याला तोंडी ठरायचं. हे मला माहीत होतं. म्हणूनच तर मालकांना मानानं बोलावलं, शाल-नारळ दिला. खड्डा खणून काळी भुसभुशीत माती त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि माइकवर सांगितलं की अशी माती सबंध शिवारात नाही. टाळ्या पडल्या. चिमाबाई मागे बांधावर चहाची किटली धरून उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मोकळे नसतील, असं मला वाटलं.

पाडव्याला सयाजीरावांनी रान काढून घेतलं. पुतण्याला टोमॅटो करायचाय, म्हणाले.

मला ते जूनमध्ये कळलं, तेही पाहणीचा नवा फॉर्म आणि तागाचं बी घेऊन गेले तेव्हा. चिमाबाई एका मुरमाड तुकड्यात दगड वेचत होत्या. तोही दुसऱ्याचाच. फॉर्मवर ताग न पेरण्याची कारणं होती: बियाणं, पाणी, वेळ, माहितीचा अभाव. जमीन कुणाची, हा प्रश्नच नव्हता. फॉर्म मीच बनवलेला. माझ्या घरचं पारगावचं रान आमच्याच नावावर आहे. तो प्रश्न मला कधी सुचलाच नाही.

चुकलं म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी दगडांची पाटी माझ्याकडे सरकवली. मी दगड वेचू लागले. पाटी भरत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या बापानं जन्मभर लोकांच्या रानात मेंढरं बसवली. पण मेंढरं बसवल्याबद्दल त्याला धान्य मिळायचं."

मी पाटी उचलून बांधावर रिकामी केली.

निघताना त्यांनीच सांगितलं, "बी ठिवून जा. ह्या मुरमात दुसरं काय येणार? पण फुलावर आला की बघाय येऊ नगं. कुणाला दावू बी नगं."

मी पिशवी बांधावर ठेवली. तिच्यावर संस्थेचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. चिमाबाईंनी ती उचलून पालथी ठेवली आणि पुन्हा दगडांकडे वळल्या.