आठ पैलूंचे खांब

आमच्या ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीतल्या लोकांनी जिन्यावरून खाली नेलं, आणि दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर तसंच उचलून वर आणलं. लोक चांगले. कुणी तोंड वाकडं केलं नाही, की कुणी हसलं नाही. पण वर येईपर्यंत ह्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. पलंगावर टेकल्यावर मला म्हणाले, "आता मला उचलायचं न्हाई. चौघांनी उचलायची येळ आली की येईनच मी खाली. तवा मला इचारायचं बी काम न्हाई."

डावं अंग गेलं होतं. जीभ थोडी जड झाली होती, टोमणे मात्र शाबूत होते.

नांदेडात आमचं घर वर आणि खाली आमचीच पिठाची गिरणी. जिना बाहेरून, भिंतीला लागून. ह्या माणसाची सगळी हयात त्या गिरणीत गेली. आता गिरणी धाकटे दीर चालवत होते आणि हे वर पडल्या पडल्या कान लावून ऐकायचे. "जाड काढून राहिला," म्हणायचे. "ज्वारी हाय ती, भरडा न्हाई." सुरुवातीला रोज म्हणायचे. मग तेही बंद झालं. एका भाकरीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर, नंतर नुसतं ताक. मी ताट समोर ठेवायची आणि तसंच उचलायची. बायकोला कळतं हो. माणूस दुखण्यानं जात नव्हता, मनानं चालला होता.

भेटायला येणाऱ्यांचा मात्र उत्साह काय विचारता. कुणी तेल सांगे, कुणी काढा. लातूरची नणंद फोनवर रोज एकच म्हणायची, "वहिनी, खाली जमिनीवर एखादी खोली बघा की भाड्यानं." जणू मला सुचलंच नव्हतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "सोताचं घर सोडून कुठं जात न्हाई मी. जायचं तर एकाच ठिकाणी." मी आत जाऊन कणिक इतकी तिंबली की तिचा चिखल झाला.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांच्या मागं लागून मी ह्यांना काठीवर उभं केलं. घरातल्या घरात, मग सज्जापर्यंत. सज्जातून गिरणीवर आलेली माणसं दिसायची, म्हणून तिथं जरा वेळ थांबायचे. मे महिना होता. एका दुपारी मी भाकरी थापत होते आणि हे सज्जात उभे. काठी उजव्या हातात. डावा हात कसाबसा उचलून त्यांनी कठड्याच्या लोखंडी पाइपवर टेकवला होता. आमच्याकडं मे महिन्यात ऊन म्हणजे विस्तव. मी बोलवायला गेले तर तळवा सगळा लाल झालेला, फोड वर आलेले. "अहो, भाजलं नाही का तुम्हाला?" म्हटलं. त्यांनी हात उलटा करून बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाले.

त्या रात्रभर मी रडले आणि सकाळी दिरांना सांगितलं, हे लोखंड माझ्या घरातून काढा. सज्जाचंही आणि जिन्याचंही. जिन्याचा पाइप तसाही हलत होता. तिथं लाकूड लावायचं, भरीव, माणसानं सगळा भार टाकला तरी हूं की चूं करणार नाही असं. काठी सपाट जमिनीवर चालते, आमच्या उंच पायऱ्यांवर ती घसरायची. कठडा भक्कम झाला तर हे आपल्या पायांनी खाली उतरतील, एवढंच मी डोक्यात घेतलं होतं. दुसरा आधार मला राहिला नव्हता.

बाजारातल्या दुकानात तयार खांब मिळतात, चकचकीत, फुलं काढलेले. एकावर मी बोटांनी टकटक केली तर आतून पोकळ. दुकानदार म्हणाला, "ताई, शोला लई भारी दिसतंय." म्हटलं, भाऊ, मला शो नको, माझ्या माणसाला धरायला पाहिजे. दिरांनी मला बाहेर ओढून आणलं नसतं तर मी तिथंच भांडले असते.

मग आमच्या घराची दारं-खिडक्या केलेल्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "भाभी, नवं लाकूड घेऊ नका. उन्हाळ्यात पिळा मारतं, वाकडं होतं. मी जुनं सागवान बघतो." किनवटकडं कुणाच्या तरी जुन्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं छप्पर, उतरवलं होतं, त्याच्या तुळया लाकडाच्या अड्ड्यावर आल्या होत्या. त्या कापून त्यांनी चार नमुने करून आणले. एक गोल, एक चौकोनी, एक कमरेत बारीक आणि एक आठ पैलूंचा.

नमुने आम्ही ह्यांच्या पलंगावर ठेवले. आधी बघेनात. मग चाचा म्हणाले, "भाऊ, बायकांनी निवडलेला कठडा तुम्हाला चालतो का?" तेव्हा कुठं हात पुढं आला. गोल खांब धरला, "घामानं निसटंल." चौकोनी धरला, "टोचतंय." चाचांनी नमुना जमिनीवर उभा करून दोन्ही पायांत पक्का आवळला आणि हे त्याला धरून पलंगावरून उठायला बघू लागले. आठ पैलूंच्या खांबाला धरून ते खरंच उठले, कुणीही हात न लावता. "ह्यो घ्या," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी भाकर मागून घेतली. मी चुलीपाशी जाऊन पदर तोंडात कोंबला.

चाचांनी घाई केली नाही. प्रत्येक पायरीला भोक पाडून त्यात सळई रोवली आणि खांबाच्या बुडाला तेवढंच भोक घेऊन तो सळईवर ठोकून बसवला. बूड पायरीपासून बोटभर वर ठेवलं, पाणी साचून लाकूड कुजू नये म्हणून. पॉलिश करू दिलं नाही, हात घसरतो म्हणाले. जवसाचं तेल मी स्वतः चोळलं, एकेका खांबाला. वर हात टेकवायला सलग पट्टी. दीर त्या कठड्याला लोंबकळून बघायचे, हलायचं नाव नाही. आठवडाभर घरात लगीन असल्यासारखं वाटत होतं, आणि मला सुखाचीच भीती वाटायला लागली होती.

उतरायच्या दिवशी ह्यांनी दाढी करून घेतली, पांढरा शर्ट घातला. दिरांनी गिरणी बंद ठेवली. चाचाही आले होते. हे काठीवर सज्जापर्यंत आले, जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, काठी माझ्याकडं दिली आणि उजवा हात पुढं केला.

उजवीकडं भिंत होती.

कठडा डावीकडं. आमचे सगळे आठ पैलूंचे खांब, सगळं जुनं सागवान, वरची पट्टी, सगळं त्या मेलेल्या हाताच्या बाजूला. जिन्याची जी बाजू मोकळी, तिकडंच कठडा असतो. आमच्या बापजाद्यांनी दुसरीकडं कधी बघितला नव्हता. जुना पाइपही तिथंच होता. खांब पारखले ते पलंगावर बसून, उजव्या हातानं. जाडी बघितली, धार बघितली, लाकडाचा गाभा बघितला. उतरताना तो हात कुठं असेल हे ह्यांना सुचलं नाही, मला नाही, चाचांना नाही, व्यायामाच्या त्या शिकलेल्या बाईंनाही नाही.

मी वेड्यासारखी त्यांची डावी बोटं एकेक उघडून पट्टीवर ठेवू लागले. ठेवली की घसरायची. पुन्हा ठेवली. "सोड," ते म्हणाले. मी सोडेना. "सोड म्हणलं ना." मग ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले, वरच्या पायरीवर, त्या पांढऱ्या शर्टात.

चाचांचं तोंड एवढंसं झालं. "भाभी, भिंतीवर दांडी मारून देतो मी. गिलावा ढिला हाय, आठ दिवस द्या." आठ दिवस. आज उठलेला हा माणूस आठ दिवसांनी उठेल याचा भरोसा कोण देणार होतं मला? दीर म्हणाले, "दादा, मी धरतो की." ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी दिरांवर ओरडले, चाचांवर ओरडले, आणि मग त्यांच्या मागं जमिनीवर बसले. संपलं असं वाटलं मला. खरंच संपलं असं वाटलं.

हे बसल्या जागी अर्धवट वळले. उजवा हात लांबवून त्यांनी अंगापुढून कडेचा खांब धरला, आणि ओढ घेत उठले. उठले ते जिन्याकडं पाठ करून, तोंड माझ्याकडं. आता कठडा त्यांच्या उजव्या हाताला होता.

"काय करून राहिले तुम्ही?" मी म्हटलं. "पडाल ना."

"मला पायरी दिसत न्हाई," ते म्हणाले. "तुला दिसती. तू सांग."

मी धरायला पुढं झाले तर डोळे वटारले. दीर खालून वर यायला लागले, त्यांचीही चाहूल लागताच मान हलवून थांबवलं. मग मी वरच उभी राहून सांगत राहिले. डावा पाय मागं घ्या. अजून. अजून जरासा. टेकला. आता उजवा. हात खालच्या खांबाला न्या. त्यांचा घाम हनुवटीवरून शर्टावर पडत होता. मधल्या पायरीवर डावा पाय मुडपला आणि सगळा भार एका खांबावर आला. खांब हलला नाही. ते पुन्हा सरळ झाले आणि माझ्याकडं बघत राहिले, पुढं काय ते मी सांगावं म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढा वेळ नजर न काढता त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. आणि मी त्यांना पायरी पायरीनं माझ्यापासून लांब पाठवत होते.

शेवटची पायरी संपली. दोन्ही पाय जमिनीवर आले. गल्लीतले लोक दारात उभे होते. ह्यांना आता गिरणीकडं वळायचं होतं, पण वळायचं तर खांब सोडावा लागणार, आणि उजवा हात काही केल्या खांब सोडेना. कुणी जवळ गेलं नाही, कारण मघाशी दिरांना त्यांनी कसं थांबवलं ते सगळ्यांनी बघितलं होतं. ते तसेच उभे राहिले, गल्लीकडं पाठ, तोंड वर, माझ्याकडं.

"ये आता खाली," ते म्हणाले. "मला वळव."