ग्राफिक कार्ड आणि बायकोचे डोळे

लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड आणि बायकोचे डोळे एकाच उन्हाळ्यात बिघडले. मी कार्डाच्या मागे लागलेलो. डोळ्यांकडे बघायचं डोकं मला नव्हतं, आणि आहे ते डोकं फक्त शिडी धरायला उपयोगी.

आमचा धंदा बॅनरचा. बायको घरी बसून लॅपटॉपवर बॅनर बनवते, विठ्ठलवाडीहून फ्लेक्स छापून येतो, आणि मी बांबूला सुतळीने बांधतो. वाढदिवस, हळद, श्रद्धांजली, सगळं. ती दहावी पास, वर कॉम्प्युटरचा क्लास केलेली. मी चौथीत शाळेला कंटाळलो, त्याच्या आधीच शाळा मला कंटाळलेली. वाचता येतं मला, पण एवढं हळू की बॅनर वाचून होईपर्यंत वाढदिवस उलटून जातो. म्हणून मी हार बघतो. फोटोला हार असला की श्रद्धांजली, नसला की शुभेच्छा.

तर आधी स्क्रीनवर आडव्या रेषा यायला लागल्या. मग सगळ्यांचे चेहरे हिरवे. मी माझ्या पद्धतीने इलाज केला. पहिल्यांदा एक चापट मारली. मग ओलं फडकं ठेवलं. मग कूलरसमोर धरून उभा राहिलो, जसं पोराला ताप आला की धरतात.

बायको म्हणाली, "अहो, ते मशीन आहे. त्याला अंगारा लावायचा राहिलाय फक्त."

"लावू का?"

"खाली ठेवा."

तिने हिरवा रंग कमी करून करून चेहरा स्क्रीनवर नीट दिसेल असा केला. छापून आला तर कळव्यातल्या एका दादाचं तोंड वांग्यासारखं जांभळं. मी तो बांधलासुद्धा. मला वाटलं, फॅशन असेल. दादाच्या पोरांनी मला खाली उतरवलं आणि जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग आम्ही दोघं कल्याणला गेलो. लॅपटॉप रिपेर करणाऱ्याने तो आधी त्याच्या दुकानातल्या टीव्हीला जोडला. टीव्हीवरपण त्याच रेषा.

"काका, स्क्रीन चांगली आहे. स्क्रीन खराब असती तर टीव्हीवर नीट दिसलं असतं. खराबी आतून येतेय, कार्डमधून. एकेक बाजूला करत जायचं, म्हणजे चोर सापडतो."

आत दोन असतात म्हणे. एक मोठं कार्ड, आणि एक साधं, मशीनच्या मेन भागातच असलेलं. त्याने मोठं बंद करून टाकलं. चालू केलं तर रेषा गायब, माणसं माणसाच्या रंगाची. "साध्यावर चालवा. हळू चालेल, पण चालेल," म्हणाला.

मी बायकोला म्हटलं, "बघ, घरात पण तसंच आहे. मोठं कार्ड तू, साधं मी."

ती हसली नाही. स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होती. मी म्हटलं, खात्री करून घेते.

त्यानंतर बाजूच्या गावातल्या हळदीचं काम आलं. मधे नवरदेव, भोवती सगळ्या नातेवाइकांचे गोल फोटो. मी मांडवाच्या दारात बांधला आणि चहा घेत उभा राहिलो. नवरदेवाचा मामा आला. त्याने बॅनर बघितला, मग मला बघितलं. मामाच्या नावाच्या वर नुसता पांढरा गोल.

"मी काय मेलो का रे?"

"नाही मामा, मेला असतात तर हार असता," मी बोलून गेलो. लोकांनी धरलं त्याला, म्हणून मी आज हे सांगायला आहे.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की कार्ड परत गेलं, फोटो खातंय. दुसऱ्या दिवशी परत कल्याणला. रिपेरवाल्याने टीव्हीला जोडलं, गरम होतंय का बघितलं, आमची फाईल उघडली. दोन्हीकडे पांढरा गोल तसाच.

"काका, मशीन ओके आहे. फोटो टाकलेलाच नाही. हा काय गोल रिकामा, सरळ दिसतोय."

बायकोने विचारलं, "कुठे रिकामा?"

त्याने बोट ठेवलं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. मान थोडी तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली.

"हां, हां. दिसला," म्हणाली. त्याने बोट कधीच काढून घेतलेलं, आणि ती भलत्याच ठिकाणी बघत होती.

घरी आल्यावर मी तिला खुर्चीवर बसवलं. तो रिपेरवाला करतो तसंच केलं, एकेक बाजूला. आधी उजव्या डोळ्यावर माझा हात ठेवला. म्हणाली, दिसतोय, पण धुरकट. मग डावा झाकला.

"आता कसा दिसतो मी?"

"कान दिसतायत."

"आणि तोंड?"

"तोंडाच्या जागी काही नाहीये हो. नुसता काळा डाग."

"बरंय की. बघण्यासारखं होतं कुठे?" मी म्हटलं. तिने माझा हात डोळ्यावरून काढला नाही. तसाच धरून ठेवला, आणि तो हात ओला झाला.

ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. साखर तिला बऱ्याच वर्षांची. ती पायाला त्रास देते हे मी ऐकलेलं, आत डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाते हे माहीत नव्हतं. उजवा बराच गेलेला, डावाही सुरू झालेला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, इंजेक्शनं देऊ, असेल ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलं ते येणं कठीण. मी विचारलं, "मॅडम, ह्याच्यात आत दुसरं साधं काही नसतं का? हळू चालणारं?" त्यांना काही कळलं नाही. बायकोला कळलं. तिने माझा शर्ट ओढला.

बॅनर ती अजून करते. डाव्या डोळ्याने, अक्षरं मोठी करून. मधे एकदा असाच गोल फोटोंचा बॅनर करता करता थांबली आणि म्हणाली, "अहो, बघा जरा. कार्ड परत गेलं वाटतं. सगळं पुसट झालंय."

मी बघितलं. स्क्रीन एकदम स्वच्छ होती.

"हो, गेलंय," मी म्हटलं. "उद्या कल्याणला नेतो."

तिने माउसवरचा हात काढला.

"खरंच गेलं असतं तर तुम्ही त्याच्यावर काहीतरी जोक मारला असता," म्हणाली.

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि बाजूला सरकून जागा केली.

"बसा. फोटोखालची नावं मला पाठ आहेत. वरच्या ओळीपासून एकेक तोंड सांगत चला, कोण कसा दिसतो ते."

मी बसलो. पहिल्याला मिशी होती. मी म्हटलं, मिशी आहे.

"पुढे," ती म्हणाली.