मालकांच्या खिशातला अलर्ट

गाडी भरून उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर बिल निघत नाही. पुन्हा तेच.

मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग सांभाळते. माझी शाळा चौथीपर्यंत. पण कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणून हे लचांड माझ्या डोक्यावर.

नेटवर्क बघायला श्रीनिवास येतो. तो येईपर्यंत सगळं आपोआप सुरू झालेलं असायचं.

"मावशी, खरंच बंद पडतं का?"

"न्हाय, आमी हौसेनं बोलावतो तुला."

मालक कडाडले, "शनिवारपर्यंत सापडलं न्हाय, तर दुसरा माणूस बघतो."

श्रीनिवासचं तोंड उतरलं. त्याचं निम्मं घर आमच्या कामावर चालतं.

मग त्यानं स्विचवर लॉग चालू केला. स्विच म्हणजे दिव्याचा नव्हे. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या डब्यात येतात, तो. कुठली वायर कधी तुटली, कधी जुळली, हे तो डबा टिपून ठेवतो. ती नोंद म्हणजे लॉग. आणि लगेच मोबाइलवर कळवतो, तो अलर्ट. एक नंबर माझा घातला. मालकांनी हट्टानं आपलाही घालायला लावला.

पहिल्याच दुपारी मालक जुळे सोलापूरला भाचीच्या साखरपुड्यात होते. इकडे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी कॉम्प्युटर बंद केले. कॉम्प्युटर बंद झाला, तरी डब्याला वायर तुटलीच वाटते. मालकांचा फोन आला.

"मावशी, हल्ला झालाय! मेसेज थांबंनात! पोलिसांना बोलवा!"

"मालक, माणसं जेवायला गेलीत."

"सगळी एकदम?"

"भूक एकदमच लागती की."

श्रीनिवासनं मग अलर्ट फक्त डिस्पॅचच्या वायरीपुरता ठेवला. बाकीचं लॉगमध्ये टिपायचं, पण बोंबलायचं नाही.

शनिवारी गाडी भरली. श्रीनिवास सकाळपासून बसूनच होता. बिल काढायच्या आधी मालक स्वतः डिस्पॅचच्या कॉम्प्युटरमागच्या फळीवरच्या सिद्धेश्वरांच्या तसबिरीला हार घालतात. आम्ही माना खाली घालून उभे असतो. गाडी कधीही भरते, त्यामुळं पूजेलाही ठरलेली वेळ नाही. मालकांनी तसबीर उचलली आणि पुसायला लागले. त्यांच्या खिशात मोबाइल वाजला. माझाही वाजला.

"श्रीनू, तुटली बघ वायर! पळ, धर त्याला!"

श्रीनिवास पळाला नाही. वाकून फळीमागं बघितलं. नेटवर्कची वायर तसबिरीच्या टांगायच्या तारेत अडकली होती.

"मालक, तसबीर खाली ठेवा."

ठेवली. मोबाइल वाजला. वायर जुळली. पण एकदा तुटली, की बिलाचा प्रोग्राम पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास घेतो.

"आता उचला."

उचलली. पुन्हा वाजला. मालकांनी खात्रीसाठी आणखी दोनदा वर-खाली करून बघितलं.

"म्हंजे देवच की रे करतोय हे!"

"देवाला कशाला मधी आणता?" मी म्हटलं. "उचलतंय कोण?"

तसबीर समोरच्या भिंतीवर गेली. श्रीनिवासचं काम टिकलं. मालकांनी मात्र त्याच दिवशी आपला नंबर काढायला लावला. म्हणाले, उगीच डोक्याला ताप होतो.

माझं मत वेगळं आहे. बिघाड सापडत नसेल, तर अलर्ट आधी मालकाच्या खिशात लावावा. बऱ्याचदा तिथून फार लांब जावं लागत नाही.