बिनपडद्याचा डबा

ओनिगासेच्या नगरकचेरीत इबुका चिझुरूच्या टेबलावर बघण्यासारखं काहीच नाही. एक कीबोर्ड, एक हेडफोन आणि जेवणाच्या डब्याएवढा काळा कॉम्प्युटर. मॉनिटर नाही. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसानं टेबलावरची एवढी ऐसपैस जागा फुकट का घालवायची? तिथे चिझुरूचा चहाचा कप असतो, आणि थंडीच्या दिवसांत सोललेली संत्री.

तो डबा तिला सगळं वाचून दाखवतो, पण अशा वेगानं की दुसऱ्या कुणी हेडफोन लावला तर वाटावं, कढईत तीळ तडतडतायत. चिझुरू त्या तडतडीतून चुकलेला स्वल्पविरामसुद्धा उचलते, आणि तो उचलत असतानाच शेजारच्या टेबलावर कोण कुणाची चहाडी करतंय तेही ऐकते. म्हणून कचेरीत तिच्यासमोर चहाड्या जरा जपूनच होतात.

तिचं काम म्हणजे गावातल्या भोंग्यांसाठी निवेदनं लिहिणं. खांबाखांबावर भोंगे आहेत. लिहिलेला मजकूर त्यातून यंत्राच्या आवाजात गावभर जातो. पण ओनिगासेच्या दोन्ही बाजूंना डोंगर, आणि डोंगरांना मध्ये बोलायची खोड. पूर्वी भोंगा म्हणायचा, "सर्व रहिवाशांना नम्रपणे कळविण्यात येते की आज सायंकाळी पाणीपुरवठा..." आणि गावाला ऐकू यायचं, "सर्ववाशांनानम्रवाशांसायंनापाणीनम्र." लोक खिडकी लावून घ्यायचे. चिझुरू आली आणि भोंगा म्हणू लागला, "पाणी. आज. संध्याकाळी. बंद." दोन शब्दांमध्ये डोंगराचं बोलून होईल एवढी उसंत. कागदावर ते विचित्र दिसतं म्हणे. चिझुरूनं कधी कागदावर पाहिलंय? ती कानानं लिहिते, आणि गाव कानानंच ऐकतं.

वसंतात नवे साहेब आले, कुझुमी. अतिशय सज्जन. पण चिझुरूशी बोलताना ती समोरच्या डोंगरावर उभी असल्यासारखे बोलायचे. "इ-बु-का-सान! मी! कु-झु-मी!"

"ओळखलं, साहेब," चिझुरू म्हणाली. "बसस्टॉपवरून बोलला असतात तरी ओळखलं असतं."

साहेब मनापासून हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच ओरडले.

नोव्हेंबरात एक नगरसेवक कचेरीत डोकावून गेला. जाता जाता म्हणाला, बाईंना कॉम्प्युटर दिलात तो अर्धाच दिलात काय. तो गंमत करत होता, पण कुझुमीसाहेबांच्या ते जिव्हारी लागलं. आपल्या विभागातल्या बाईला अर्ध्या कॉम्प्युटरवर राबवतो म्हणजे काय? खटपट करून त्यांनी एक चांगला रुंद मॉनिटर मिळवला, आणि एका दुपारी चिझुरू चहाच्या खोलीत गेलेली पाहून स्वतःच्या हातानं जोडला. कप बाजूला सारला, धूळ पुसली, पडदा उजळला. साहेब दोन पावलं मागे सरून समाधानानं बघत राहिले.

चिझुरू परत आली तेव्हा त्यांच्या हातात फोन होता आणि आवाज खाली आला होता. तेवढ्यावरूनच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय. गेन्पाचि आजोबा घरातून निघून गेले होते. त्यांची सून मिसाओ फोनवर होती. बाबा जेवून आडवे झाले, मी कपडे वाळत घालून आले, तर अंथरूण रिकामं, असं पुन्हा पुन्हा सांगत होती.

गेन्पाचि आजोबा चिझुरूचे शेजारी. नव्वदीला टेकलेले, आणि अलीकडे स्वतःच्याच अंगणात वाट चुकणारे. पण रोज सकाळी कुंपणापलीकडून तिला हवामान सांगायला चुकत नसत. "पोरी, आज डोंगर टोपी घालून बसलाय. छत्री ने." ती लहान होती तेव्हापासून हा नेम होता. आता दिवस कलला होता. या दिवसांत सूर्य डोंगराआड गेला की लगेच अंधारतं, आणि रात्री वाफ्यांवर हिमकण धरतात. आजोबांच्या पायात घरातल्या सपाता होत्या.

चिझुरू खुर्चीत बसली, हेडफोन चढवला, बटण दाबलं. शांतता. दुसरं बटण. डबा मेल्यासारखा गप्प.

"बंद पडलाय," ती म्हणाली.

"छे छे, उत्तम चालू आहे," साहेब म्हणाले. "सगळं स्वच्छ दिसतंय की."

"कुठे दिसतंय?"

तेव्हा साहेबांनी जरा लाजत मॉनिटरचं सांगितलं. तिला चकित करायचं होतं, आणि ते साधलं म्हणायचं. चिझुरूनं हात पुढे केला. कपाच्या जागी गार, गुळगुळीत भिंत. मग तिनं डबा उचलून कानाशी धरला. आत पंखा बारीक घुमत होता. म्हणजे जिवंत आहे, बोलतोही आहे, पण माझ्याशी नाही. तिनं मॉनिटरच्या मागे हात घातला आणि जाड वायर चाचपली.

"याला स्पीकर आहे का, साहेब?"

"नाही. साधाच आहे. का?"

डब्याला पडदा मिळाला आणि त्यानं चित्राबरोबर आपला आवाजही त्याच वायरीतून इमानेइतबारे त्या मुक्या पडद्याच्या हवाली केला होता. चिझुरूनं वायर पकडली. साहेब घाबरले. आत्ता या घाईत काही उपटू नका, हवं तर मी पडद्यावर बघून टाइप करतो, म्हणाले.

"टाइप कराल, पण भोंगा ते कसं म्हणेल, ते कोण ऐकणार?" असं म्हणून तिनं वायर ओढलीच. पडदा काळा झाला, आणि हेडफोनमध्ये तीळ तडतडले. चिझुरूनं एवढा मोठा श्वास सोडला की साहेबांनीही सोडला.

साहेबांनी टिपून घेतलेलं वाचून दाखवलं: तपकिरी जाकीट, राखाडी टोपी, बांधा किरकोळ. चिझुरूची बोटं थबकली. अंधारात तपकिरी कुणाला दिसणार? मग काय सांगायचं, साहेबांनी विचारलं. त्यांच्या प्रश्नात कुरकुर नव्हती. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"आजोबा जंगलातून घोड्यानं लाकडं ओढायचे. घोडा जाऊन जमाना झाला, पण अजून चालताना ते त्याला हाकारतात. जिभेनं."

"कसं?" साहेबांनी लगेच करून पाहिलं. ते पाल चुकचुकल्यासारखं झालं.

"तसं नाही. टाळूला लावून. खोल." तिनं करून दाखवलं: टॉक्, टॉक्. असा आवाज काढणं डब्याच्या यंत्राला जमणार नव्हतं. तेव्हा साहेबांनी आपण होऊन भोंग्याचा माईक तिच्यासमोर ठेवला.

आधी डब्यावर लिहिलेलं गेलं. "गेन्पाचि आजोबा. हरवलेत. टीव्ही. बंद करा. खिडकी. उघडा. हा आवाज. ऐका." मग चिझुरू माईकवर वाकली. टॉक्, टॉक्. डोंगरानं तो आवाज घेतला आणि परत केला. तिनं पुन्हा काढला. मग मात्र खोऱ्यात एवढी शांतता झाली की कचेरीच्या उघड्या खिडकीतून नदी ऐकू आली.

फोन आला तो तोमिए आजींचा, नदीकाठी कांद्याच्या पाती धुणाऱ्या. धापा टाकत त्या सांगू लागल्या: "बाई, भोंगा टॉक् म्हणाला, मग डोंगर टॉक् म्हणाला. ते झालं. पण मग आणखी एक आलं, जुन्या लाकूडवखारीच्या मागून. म्हटलं डोंगराला आज झालंय काय. तर हे म्हातारबा. कुणी बोलावलं, विचारतात."

"बरे आहेत ना?"

"गारठलेत, पण बरे आहेत. माझी शाल गुंडाळलीय. सुनेला पाठवा लवकर. पण यायला तयार नाहीत हो. घोड्याला पाणी पाजल्याशिवाय हलणार नाही म्हणतात. आता घोडा कुठून आणू? बादली भरून ठेवलीय पुढ्यात."

"छान केलंत, आजी," चिझुरू म्हणाली. "फोन ठेवू नका."

दुसऱ्या फोनवरून मिसाओला वखारीकडे धाडून साहेब परत आले, तोवर चिझुरूनं शेवटचं निवेदन लिहून ऐकूनही घेतलं होतं. "गेन्पाचि आजोबा. सापडले. सुखरूप. आभार." तिचं बोट बटणावर होतं.

"पाठवायचं ना?" साहेबांनी विचारलं, पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात.

चिझुरूनं फोन कानाशी घट्ट धरला होता.

"थांबा, साहेब. भोंगा वाजला की घोडा बुजेल. पाणी पितोय."