फिकी गाणी

सियागंजातल्या पोह्यांच्या ठेल्यावर एक वयस्कर गृहस्थ रोज दिसत. पोहेवाल्यानं जिरावणाचा तिखट मसाला उचलला, की ते प्लेटवर तळहात आडवा धरत. इंदुरात हे जवळपास पापच! कानात इअरफोन. एकदा एक निसटला आणि ओळखीचे सूर ऐकू आले. सिंथेसायझरवरच्या संथ, एकाकी गाण्यांचा तोच अल्बम, ज्याला मी पेपरातल्या माझ्या परीक्षणात ‘फिका’ म्हटलं होतं.

"फिकं नाही वाटत, काका?" मी विचारलं.

"फिकंच आहे ना, भिया," ते म्हणाले. "पण आमची ही गेल्यापासून तिखट सोसत नाही. ना जिभेला, ना कानाला."

मत मी बदललेलं नाही. अल्बम फिकाच आहे. फक्त आता तो शब्द लिहिताना प्लेटवरचा तो तळहात आडवा येतो.