बाबांचा हिरवा पडदा

लोअर परळच्या आमच्या ऑफिसात साफसफाई निघाली, तेव्हा भंगारात जाणारं एक जुनं टर्मिनल मी मागून घेतलं. दिसायला जाडजूड टीव्ही आणि पुढे कीबोर्ड. स्वतःचं डोकं नाही. दुसरीकडचा कॉम्प्युटर सांगेल ते हिरव्या अक्षरांत दाखवायचं, बस. आमच्या साहेबासारखंच.

भोईवाड्यातल्या चाळीत ते तिसऱ्या मजल्यावर चढवताना माझे आणि हमालाचे खांदे निघाले. मी एक छोटा कॉम्प्युटर मागे जोडला आणि पडद्यावर फुल्याफुल्यांचा मोदक काढून दाखवला.

"एवढ्यासाठी?" बायको म्हणाली.

खरं म्हणजे तिचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. कापडगिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात जन्म घालवलेल्या बाबांना आता ऐकूच येत नव्हतं. तिला दिवसभर ओरडावं लागे. "माका सगळा आयकाक येता!" असं ते ठणकावून सांगत. कानाचं मशीन त्यांनी देवघरात ठेवलं होतं. देवांनाही कमी ऐकू येत असावं.

मग मी बायकोचा मोबाइल त्या टर्मिनलला जोडून दिला. बायकोने स्वयंपाकघरातून लिहिलं, "जेवायला चला." अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. बाबांनी चष्मा चढवला, वाचलं, आणि एका बोटाने कीबोर्ड बडवत उत्तर दिलं, "भाजी कसली?"

ओरडणं बंद झालं. पण दोन दिवसांत बाबांना टुंग वाजवणारं बटण सापडलं. चहा हवा, टुंग. पेपर कुठाय, टुंग. बायको म्हणाली, "ओरडणं परवडलं!" शिवाय तोंडाने जे ते कधी बोलले नसते, ते बोटाने लिहू लागले. शेजारच्यांच्या पेटीवादनाबद्दल त्यांनी लिहिलेलं मी आमच्या पोरीने वाचायच्या आत पुसलं.

त्या रविवारी लालबागचे मामा आले. आईचे थोरले भाऊ. आई गेल्यापासून दर रविवारी येऊन बाबांना कसं जगावं ते सांगतात. तासभर कोलेस्टेरॉलवर बोलून झालं. बाबा मान डोलावत होते. मग शांतपणे वळून त्यांनी टाइप केलं, "ह्यो कधी जातलो?"

आणि वर टुंग.

मामांनी पडद्याकडे पाहिलं. मी स्विच कुठाय ते शोधायला लागलो. बायको ट्रे घेऊन दारातच थिजली. मामा उठले, चष्मा पुसला, कीबोर्ड आपल्याकडे ओढला. बराच वेळ एकेक अक्षर हुडकत त्यांनी लिहिलं, "च्या पितलंय, मगे जातलंय."

बाबांनी वाचलं. आधी खांदे हलले, मग सगळं पोट. आई गेल्यानंतर बाबांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. मामाही हसले आणि हळूच म्हणाले, "भावोजींका आयकाक येणा नाय, ह्या माका कोणी सांगलाच नाय रे. माका वाटला, माझ्याशी बोलूचाच नाय त्यांका."

बायकोने डोळ्याला पदर लावला आणि चहा पुढे केला. मामा दोन कप प्यायले, आणि जेवूनच गेले.